लॅक्स्टनची खुली शेती आणि मालकीबदल : एक प्रकरण अभ्यास

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमध्ये लॅक्स्टन नावाचा छोटा ग्रामीण पॅरिश (गावपातळीवरचा प्रशासकीय विभाग) आहे. या गावच्या जमिनीची सरकारी मालक संस्था, क्राउन इस्टेट, ती विकणार असल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले आणि २०२० मध्ये विक्री पूर्ण झाली. शेतजमिनीच्या मोठ्या इस्टेटी इंग्लंडमध्ये विकल्या जातातच, त्यात विशेष काही नाही. पण लॅक्स्टनच्या जमिनीवर मध्ययुगापासून चालत आलेली खुली शेती, म्हणजे कुंपण नसलेल्या मोठ्या शेतांत सगळ्यांनी ठरलेल्या पाळीने करायची शेती, आजही होते आणि तिची देखरेख करणारी न्यायसभा दर वर्षी भरते. शेती आणि न्यायसभा अशा दोन्ही गोष्टी एकत्र टिकलेले इंग्लंडमधले हे एकच गाव. मालक बदलला की या रीतीचे काय होणार, हा या प्रकरणाचा विषय आहे. सध्या तिथे शेती करणाऱ्यांची किंवा राहणाऱ्यांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी : गाव, माती आणि शिवार

लॅक्स्टनची माती जड, चिकण. पावसाळी आठवड्यानंतर तिच्यात पाय ठेवणे कठीण आणि उन्हात ती भेगाळते. अशा मातीत एकट्या शेतकऱ्याच्या बैलजोडीने नांगरट उरकत नसे. माणसे आणि जनावरे एकत्र आणावी लागत. खुल्या शेतीची मुळे काही अंशी या मातीत आहेत, असे मला वाटते.

गावाची रचना पाहिली की पुढचे सगळे समजायला सोपे जाते. शेतकऱ्यांची घरे शेतात विखुरलेली नाहीत, गावच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने उभी आहेत. प्रत्येक घराच्या मागे अरुंद, लांबलचक परसाची जागा. गावाबाहेर शिवार. गावाच्या उत्तरेला मातीचा उंच टेकाड, तो नॉर्मन काळातल्या किल्ल्याचा. शेरवुडच्या राजवनाचे रखवालदार एके काळी इथून कारभार पाहत. मध्यभागी संत मायकेलचे जुने दगडी चर्च.

शिवारात तीन मोठी शेते आहेत : वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. तिन्ही मिळून क्षेत्र पाचशे एकरांच्या आसपास. त्यांत कुंपण नाही, झुडपांची रांग नाही. प्रत्येक शेत लांब पट्ट्यांमध्ये विभागलेले आहे आणि एका शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असतात. त्यामुळे चांगली माती, वाईट माती, उताराची जागा आणि पाणथळ जागा यांचा वाटा सगळ्यांना मिळतो. पाळी ठरलेली. एका शेतात थंडीच्या तोंडावर पेरलेला गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक आणि तिसरे विश्रांतीला. पूर्वी तिसऱ्यात मेंढ्या चरत, अलीकडे तिथे चाऱ्याचे गवत घेतात. पुढच्या वर्षी पाळी एक घर सरकते. आपल्या पट्ट्यात स्वतःच्या मर्जीने वेगळे काही लावण्याची मुभा शेतकऱ्याला नाही, शेताचे जे ठरले तेच त्याच्या पट्ट्याचे.

धुळे-नाशिक भागातली पांझरा आणि मोसम या नद्यांवरची फड पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. तिथेही भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचे एकच पीक, आणि पाणी वाटायला गावाने नेमलेले पाटकरी. दोन्हीकडे शेतीचा निर्णय एकट्याच्या हातात नाही.

उताराच्या तळाशी पाणी साचते तिथे नांगर चालत नाही. त्या पट्ट्या गवताला सोडल्या आहेत, त्यांना ‘साइक’ म्हणतात. या गवताचा दर उन्हाळ्यात हक्कदारांमध्ये लिलाव होतो. शेकडो वर्षे तिथे नांगर फिरला नाही, म्हणून इतरत्र नाहीशी झालेली रानफुले या साइकांमध्ये अजून फुलतात. निसर्गरक्षणाच्या कायद्याने त्यांना विशेष वैज्ञानिक महत्त्वाचे स्थळ म्हणून संरक्षण दिले आहे.

न्यायसभा कशी चालते

तिचे नाव कोर्ट लीट. नोव्हेंबरच्या अखेरीस शेतकऱ्यांची ज्युरी (तपासणी करणारे पंच) गव्हाच्या शेतात उतरते. पीक नुकतेच वर आलेले असते, त्यामुळे कोणाचा नांगर कुठवर गेला ते डोळ्यांना दिसते. कोणी पाणंदीत घुसले आहे का, साइकचा काठ फोडला आहे का, शेजाऱ्याच्या पट्ट्यात चार बोटे सरकले आहे का, चर साफ केला आहे का, हे सगळे पाहिले जाते. हद्द पुसट झाली असेल तर तिथल्या तिथे खुंटी ठोकतात. साधारण आठवड्याभराने गावच्या डव्हकोट इन या पबमध्ये न्यायसभा भरते. मॅनरच्या, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदारी वतनाच्या, मालकाचा कारभारी अध्यक्षस्थानी असतो, ज्युरी आपला अहवाल मांडते, चुकलेल्याला थोडाफार दंड होतो आणि पुढच्या वर्षीची ज्युरी नेमली जाते.

दंडाची रक्कम किरकोळ असते. पण आपला नांगर कुठे चुकला हे सगळ्या शेजाऱ्यांसमोर वाचले जाते आणि पुढच्या वर्षी त्याच लोकांबरोबर पुन्हा शेतात उतरायचे असते. त्याचा धाक दंडापेक्षा मोठा.

ही शेती इथेच का टिकली

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडभर खुली शेते मोडून कुंपणे घातली गेली. १६०४ ते १९१४ या काळात संसदेपुढे अशी पाच हजारांहून अधिक विधेयके आली. त्यांनी सुमारे ६८ लाख एकर जमिनीचे रूप पालटले, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोड्या अधिक भूमीचे. डेव्हनमधल्या ब्रॉन्टनला आणि लिंकनशायरमधल्या आयल ऑफ अ‍ॅक्सहोमला खुल्या शेतांचे अवशेष उरले, पण न्यायसभेसकट चालू राहिलेली रीत तिथे नाही.

लॅक्स्टन वाचले त्यामागे आधी कोणाचा हेतू नव्हता. सर विल्यम कोर्टीन या लंडनच्या व्यापाऱ्याने मॅनर विकत घेतल्यावर मार्क पिअर्सकडून मोजणी करवून घेतली. १६३५ चा तो नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात दोन हजारांहून अधिक पट्टे एकेक करून दाखवले आहेत, मधूनमधून नांगरणारी आणि कापणी करणारी माणसेही चितारली आहेत. त्या काळी शेते चार होती. चौथे ईस्ट फील्ड पुढे कुंपणात गेले आणि अठराव्या शतकात शिवाराचा आणखी काही भाग गेला. उरलेल्या शेतांत दोन मोठे जमीनदार होते, थॉर्सबी इस्टेटचे अर्ल (उमराव) मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो. दोघांच्या जमिनी एकमेकांत गुंतलेल्या आणि अदलाबदलीवर एकमत होईना. ते होईपर्यंत १८७० नंतरची मंदी आली. अमेरिकेतल्या स्वस्त धान्याने भाव पाडले आणि कुंपणावर खर्च करण्यात अर्थ उरला नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्स इस्टेटने विखुरलेले बारीक पट्टे एकत्र करून रुंद केले. पट्ट्यांची संख्या घटली, शेतकऱ्याची पायपीट कमी झाली. जुनेपणाच्या दृष्टीने पाहिले तर हे नुकसान आहे. माझे मत उलट आहे. त्या वेळी रीत थोडी वाकवली नसती, तर ट्रॅक्टर आल्यावर ती मोडलीच असती.

मग १९३८ मध्ये ऑक्सफर्डच्या ऑर्विन या कृषी अर्थशास्त्रज्ञ दांपत्याने लॅक्स्टनवर पुस्तक लिहिले आणि गावाचे महत्त्व देशाला कळले. १९५२ मध्ये सहाव्या अर्ल मॅनव्हर्सनी इस्टेट कृषी मंत्रालयाला विकली, ती खुली शेती जपली जावी म्हणूनच. १९७७ च्या कायद्याने देशभरातल्या जुन्या मॅनर न्यायसभांचे खटले चालवण्याचे अधिकार संपवले. ज्यांना आपले परंपरागत काम पुढे चालवू दिले अशा मोजक्या सभांच्या यादीत लॅक्स्टन होते. १९८१ मध्ये सरकारने जमीन क्राउन इस्टेटच्या आयुक्तांकडे सोपवली. ही रीत चालू ठेवू, असे वचन तेव्हा दिले गेले.

अडचण

क्राउन इस्टेटचा नफा सरकारी तिजोरीत जातो. १९६१ च्या कायद्याप्रमाणे आयुक्तांचे कर्तव्य इस्टेटीचे मूल्य राखणे आणि वाढवणे हे आहे. लॅक्स्टनमध्ये मूल्य वाढवायला वावच नाही. शेते जोडता येत नाहीत, पीक बदलता येत नाही, जास्त भाडे देणारा पण रीत न पाळणारा भाडेकरू आणता येत नाही. एका संस्थेवर परताव्याचे आणि वारशाचे अशी दोन ओझी टाकली, तर कधीतरी त्यांतले एक ती उतरवणारच. १९८१ च्या व्यवस्थेतली ही फट २०१८ मध्ये उघडी पडली.

गावकऱ्यांची आणि इतिहासकारांची काळजी नेमकी कशाची होती, ते नीट समजून घ्यावे लागते. न्यायसभेचा अधिकार शेत कसे कसायचे यावर चालतो. जमीन कोणाची राहावी, खुले शेत खुले ठेवावे की नाही, हे मालकाला सांगायचा अधिकार तिला नाही. किल्ल्याचा टेकाड संरक्षित स्मारक आहे, चर्च नोंदणीकृत वास्तू आहे, साइकांना निसर्ग कायद्याचा आधार आहे. या सगळ्यांमधून गव्हाची पाळी आणि ज्युरीची फेरी मात्र सुटून जाते. इंग्लंडचे वारसा कायदे दगड-माती जपायला चांगले आहेत, चालत्या कामाला धरायला त्यांच्याकडे फारसे काही नाही.

त्यात काळ नाजूक होता. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची तयारी चालू होती आणि शेतकऱ्याला एकरी मिळणारे अनुदान टप्प्याटप्प्याने बंद होणार हे स्पष्ट होत होते. लहान भाडेकरू शेतकऱ्याच्या उत्पन्नात त्या अनुदानाचा वाटा मोठा असतो.

पर्याय

या परिस्थितीत कोणते मार्ग खुले होते, त्याची ही माझी मांडणी आहे.

पहिला मार्ग सगळ्यात सोपा : क्राउन इस्टेटनेच जमीन ठेवायची. पण तोटा सोसत धरून ठेवलेल्या मालमत्तेकडे मालकाचे लक्ष हळूहळू कमी होते. घरांची डागडुजी, नवे भाडेकरू आणणे, गोठे-कोठारे सुधारणे यात ते दिसू लागते.

दुसरा, भाडेकरूंनी आपापल्या वाट्याची शेती विकत घ्यायची. ऐकायला हा न्याय्य वाटतो. पण पट्टे वेगवेगळ्या मालकीचे झाले की एका पिढीनंतर एखादा वारस आपले पट्टे बाहेरच्याला विकणार आणि तो न्यायसभा मानेलच असे नाही. सगळ्या पट्ट्यांवर एकच मालक असणे हाच तर लॅक्स्टनचा कणा. माझ्या दृष्टीने हा सर्वांत धोक्याचा पर्याय होता.

तिसरा, नॅशनल ट्रस्टसारखी वारसा संस्था किंवा गावाचा स्वतःचा न्यास. उद्देश शुद्ध, पण पैसा हवा. विकत घेण्यापुरता उभा करता येतो. दर वर्षी छपरे शाकारायला आणि चर उपसायला लागणारा कुठून येणार, हा खरा प्रश्न. शिवाय अशा संस्थांच्या हाती गाव गेले की पाहुण्यांची सोय आधी आणि शेतकऱ्याची नंतर, अशी ओढ लागण्याची शक्यता असते. ती टाळता येते, पण त्यासाठी सतत जागे राहावे लागते.

चौथा, जवळच्या, शेतीचा अनुभव असलेल्या खासगी इस्टेटीला विकणे. तिला भाडेकरू सांभाळायची सवय असते, कारभारी आणि कामगार आधीच असतात. धोका एवढाच की आजचा मालक चांगला म्हणून उद्याचा वारस चांगला असेलच असे नाही.

काय केले गेले

२०२० मध्ये जमीन थॉर्सबी इस्टेटने घेतली. ज्या मॅनव्हर्स घराण्याने १९५२ मध्ये ती सरकारला दिली, त्याच घराण्याची ही इस्टेट. लॅक्स्टन अडुसष्ट वर्षांनी जुन्या मालकाच्या घरी परतले. खुली शेती पुढे चालू ठेवण्याची जबाबदारी इस्टेटने स्वीकारली.

निर्णयाच्या टप्प्यांपैकी माझे सर्वाधिक लक्ष जाते ते खरेदीदाराच्या निवडीकडे. गाव पट्ट्यापट्ट्याने फुटले नाही, शेते आणि मॅनरचा हक्क एकत्र राहिला, आणि त्यामुळे न्यायसभेचा कारभारी कोणी नेमायचा याबद्दल गोंधळ झाला नाही. विक्रीची किंमत, जाहिरात, समारंभ या सगळ्यांपेक्षा ही एकसंधता जास्त मोलाची होती.

निष्पत्ती

पाळी मोडली नाही. ज्युरी शेतात उतरते, न्यायसभा भरते, साइकांच्या गवताचा लिलाव होतो. मालक बदलल्याचे शिवारात कुठे दिसत नाही आणि ते न दिसणे हेच यश आहे.

पण दुसरी एक झीज मालकीच्या प्रश्नाहून जुनी आहे. खुल्या शेतांत पट्टे असलेली शेतकरी कुटुंबे आता मोजकीच उरली आहेत. एक शेतकरी निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कोणी आले नाही, तर त्याचे पट्टे दुसऱ्याला जातात. कागदोपत्री काही बिघडत नाही. पण ज्युरीसाठी लागणारी माणसे त्याच कुटुंबांमधून येतात. चार-पाच मोठ्या शेतकऱ्यांनी एकमेकांची हद्द तपासणे ही वेगळी गोष्ट झाली. सगळे गाव आपली हद्द तपासत असे, त्याची जागा ती घेऊ शकत नाही.

भाडेपट्ट्यांचा कायदाही इथे आड येतो. १९८४ पूर्वीच्या जुन्या भाडेपट्ट्यांत बापानंतर मुलाला हक्क मिळण्याची तरतूद आहे. १९९५ नंतरचे नवे भाडेपट्टे ठरावीक मुदतीचे असतात. मुदत संपल्यावर जायचे असेल, तर माणूस शेजाऱ्याच्या हद्दीबद्दल ज्युरीत बसून कशाला वाईटपणा घेईल?

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात मोठी चुटपुट काळाच्या गणिताची आहे. इंग्लिश कायद्यात जमिनीच्या पुढच्या मालकावर ‘अमुक करू नको’ असे बंधन घालता येते, पण ‘अमुक करत राहा’ असे बंधन विक्रीबरोबर पुढे सरकत नाही. कुंपण घालू नको, हे बांधून देता येते. तीन शेतांची पाळी चालव, हे नाही. नॅशनल ट्रस्टला १९३७ पासून असलेला विशेष अधिकारही मनाईच्या बंधनांपुरताच आहे. २०२१ च्या पर्यावरण कायद्याने संवर्धन करार नावाचे नवे साधन आणले आणि ते ३० सप्टेंबर २०२२ पासून लागू झाले. त्यात करण्याची आणि न करण्याची, दोन्ही बंधने पुढच्या मालकांवर राहतात आणि ऐतिहासिक वा सांस्कृतिक महत्त्वाच्या जमिनीसाठी तो करता येतो. लॅक्स्टनची विक्री त्याच्या दोन वर्षे आधी झाली. अशा साधनाची शिफारस इंग्लंडच्या विधी आयोगाने २०१४ मध्येच केलेली होती, म्हणजे विचार चालू होता. विक्री थोडी लांबवली असती तर हे साधन हाताशी आले असते. अजूनही मालकाची तयारी असेल तर करार होऊ शकतो, आणि माझ्या मते तो व्हावा.

दुसरी गोष्ट १९८१ ची. जपणुकीचे वचन परतावा मिळवणे हेच कायदेशीर कर्तव्य असलेल्या संस्थेकडून घेतले गेले. तेव्हाच जमिनीबरोबर एक राखीव निधी वेगळा काढला असता, त्याच्या व्याजातून इमारतींचा खर्च भागला असता, तर २०१८ मध्ये लॅक्स्टन हिशोबाच्या वहीत ओझे म्हणून दिसले नसते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची आहे. प्रत्येक मालकीबदलाच्या वेळी चर्चा रखवालदार कोण यावर झाली. आपल्या वाट्याच्या शेतीवर एका कुटुंबाचा संसार चालतो का, हा प्रश्न मागे राहिला. विक्रीच्या अटींमध्ये शेतकरी कुटुंबांची किमान संख्या ठरवता आली असती. एखाद्याचे रिकामे झालेले पट्टे शेजाऱ्याला जोडण्याआधी ते नव्या शेतकऱ्याला देऊ करायचे, अशी पायरी ठेवता आली असती. अनुदानाच्या जागी सरकार आता सार्वजनिक हिताच्या कामासाठी शेतकऱ्याला पैसे देते, झुडपांच्या रांगा जपायला देते, परागकण वाहणाऱ्या कीटकांसाठी देते. ज्युरीत एक दिवस घालवणे, साइक न नांगरणे, पाळी पाळणे हेही तितकेच सार्वजनिक हिताचे काम आहे आणि त्याचा मोबदला लॅक्स्टनच्या शेतकऱ्याला मिळायला हवा.

पुढच्या काही वर्षांत काय पाहायचे तेही यातून ठरते. एखाद्या शेतकऱ्याचा भाडेपट्टा संपला की नवा किती मुदतीचा दिला जातो. ज्युरीत चाळिशीच्या आतले किती जण असतात. विश्रांतीच्या शेतातला चारा खाणारी गुरे गावातच उरतात का. लॅक्स्टनच्या परिसरात गुरे पाळणे परवडेनासे झाले, तर तिसऱ्या शेताला कारण उरणार नाही आणि पाळी दोन शेतांवर आणण्याची मागणी न्यायसभेतच पुढे येईल. थॉर्सबी इस्टेटचा पहिला खरा निर्णय तेव्हा लागेल.